आपली गल्ली शेवटी

४ जानेवारी

प्रिय आजी,

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने लावतेस, म्हणून पत्र. शिवाय या वेळी तुझ्याकडे माझं काम आहे, आणि ते कागदावरच हवं.

आमच्या कचेरीत समानार्थी शब्दांचा कोश चाललाय हे तुला माहीत आहेच. एका अर्थाचे सगळे शब्द, एकेक कार्डावर. सध्या माझ्या टेबलावर 'प्रसार' आहे. म्हणजे बातमी चार लोकांत पोचवणे, पसरवणे, जाहीर करणे. पुस्तकांतून मी बावीस शब्द काढले. संपादकबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे सगळे इस्त्री केलेले आहेत. घरात घालायचे कुठे आहेत?"

मला तूच आठवलीस. अख्खा गाव तुला 'गावभर' म्हणायचा असं बाबा सांगतात. तुला येतील ते सगळे शब्द लिही. एकतिसाव्या वर्षी अक्षरं शिकलेली बाई आमच्या कोशाला शब्द देणार, याचं मला फार कौतुक वाटतंय.

तुझी नात


११ जानेवारी

माझ्या कार्डवाल्या बाईसाहेबांना आजीचा एक गालगुच्चा, दुसरा आलीस की घेईन,

पत्र आलं तेव्हा मी गॅलरीत चादरी वाळत घालत होते. पोस्टमनच्या हातातून घेतलं नि आधी त्यालाच वाचून दाखवलं. मग शेजारणीला, मग खालच्या शिंप्याला. म्हटलं बघा, पगारी शिकलेल्या लोकांचे शब्द संपले, आता माझ्याकडे मागायला आलेत! शिंपी म्हणतो, "आजी, पत्राने कशाला पाठवता, ट्रक करा." मेल्याच्या तोंडालाच एक टाका घालायला हवा. पण कॉलर छान बसवतो, म्हणून सोडते.

आता घे लिहून. सगळ्यात लहान ती कुणकुण. कुणालाच काही माहीत नसतं, पण आपण आत गेलो की बायका बोलायच्या थांबतात, ती कुणकुण. जरा अंगाने भरली की कुजबुज होते, नि तिला पाय फुटले की कानोकानी जाते. आवई म्हणजे बातमी खोटी, पण खरीपेक्षा जोरात पळते. बोभाटा दुसऱ्याचा करायचा, टिमकी आपली वाजवायची. गवगवा करणाऱ्याला गोड लागतो, ज्याचा होतो त्याला विचार. दवंडी नि डांगोरा लोक एकच समजतात, पण तसं नाही हो. दवंडी सरकार पिटतं, डांगोरा जाऊ पिटते. माझ्या थोरल्या जावेने मी तीनदा भात करपवल्याचा डांगोरा पार तिच्या माहेरापर्यंत नेला होता. तीनदा नाही, दोनदाच करपला होता. आणि वाच्यता हा एक चमत्कारिक शब्द आहे बघ. 'वाच्यता करू नकोस' असंच लोक म्हणतात, 'कर' असं म्हणालेलं मी अजून ऐकलं नाही.

अजून पुष्कळ आहेत. चव्हाट्यावर आणणं, हाकाटी, बभ्रा. पण हात दुखायला लागला. माझं एकेक अक्षर म्हणजे डोंगर चढणं, तुला माहीत आहे. अक्षरं शिकल्याचं कौतुक कसलं, डोकं रिकामंच होतं, जागा होती, घातली.

जेवत जा. शब्दांनी पोट भरत नाही.

आजी


२० जानेवारी

प्रिय आजी,

संपादकबाईंनी तुझं पत्र उभ्या उभ्या वाचलं आणि 'डांगोरा जाऊ पिटते' हे वाक्य आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं. आता त्यांना 'वाटणे' या शब्दाबद्दल हवंय. तू छापखान्याची पत्रकं घरोघर वाटायचीस ना? ते काम कसं करायचं असतं ते लिही, अगदी बारीकसारीक.

रविवारी छोट्या आजीकडे गेले होते. तुम्ही दोघी सख्ख्या बहिणी, पण ती किती कमी बोलते! तिलाही पत्र वाचून दाखवलं. जावेच्या वाक्याला ती चक्क हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तुझी नात


२७ जानेवारी

कोशाच्या राणीला आजीकडून सांडेपर्यंत आशीर्वाद,

माझी धाकटी हसली? खरंच? लहानपणी ती इतकी हसायची की आई तिला पाणी पिताना हसू नको म्हणून दटावायची. हे ऐकून मी दिवसभर हवेत होते. दूध उतू गेलं तरी रागावले नाही.

काम विचारतेस ना, मग ऐक. छापखाना चौकाच्या कोपऱ्याला होता, आत गेलं की शाईचा वास नि यंत्राचा खडखडाट. छापखानेवाला दुपारी गठ्ठा द्यायचा नि म्हणायचा, "तातडीचं आहे, आजच वाटा." त्याचं सगळंच तातडीचं. चपलांचा सेलही तातडीचा, जादूगारही तातडीचा. मी कापडी पिशवी गळ्यात आडवी अडकवायचे, म्हणजे दोन्ही हात मोकळे.

दाराच्या फटीत पत्रक खोचायचं नाही, उडतं. हातात द्यायचं, नि देताना तोंडाकडे बघायचं, मग माणूस घेतोच. जिथे कुत्रा असेल तिथे आधी कुत्र्याशी बोलायचं. मला वाचता येत नव्हतं, पण रंगावरून सगळं कळायचं. पिवळं म्हणजे सिनेमा, गुलाबी म्हणजे कापडाचं दुकान, हिरवं म्हणजे औषध. पांढरं म्हणजे कुणाचं तरी भाषण, ते कुणी वाचत नाही, बायका त्यात शेंगा सोलतात. लोक मला विचारायचे, काय आलंय, तर मी रंगावरूनच ठोकून द्यायचे, नि नव्वद टक्के बरोबर यायचं!

नि मोठा नियम म्हणजे लांबच्या टोकापासून सुरुवात करायची, आपली गल्ली शेवटी. परकी माणसं दारं लावून घेतात, बाहेर जातात. आपली कुठे जातात? आपल्यांना केव्हाही देता येतं.

झालं का तुझं कार्ड? आता मला एक फोटो पाठव तुझ्या टेबलाचा, शिंप्याला दाखवायचा आहे.

आजी


५ फेब्रुवारी

प्रिय आजी,

फोटो सोबत आहे. डावीकडे कार्डांचे खोके, उजवीकडे माझा न धुतलेला कप. शिंप्याला कप दाखवू नकोस.

छोट्या आजीला या वेळी पत्र मी वाचून दाखवलं नाही, तिने हातातच घेतलं. एकदा वाचलं, मग मागे जाऊन शेवटचा भाग पुन्हा वाचला. मग म्हणाली, "पाण्याच्या पत्रकांचं काही लिहिलंय का तिने?" मी म्हटलं, "नाही." ती "बरं" म्हणाली आणि कपाट आवरायला लागली. कपाट आवरलेलंच होतं.

ही पाण्याची पत्रकं कसली ग?

तुझी नात


१३ फेब्रुवारी

बाळा,

इथे सगळे मजेत. गॅलरीतल्या कुंडीत कबुतराने अंडी घातली आहेत, दोन. आता तुळस कुठे लावू? शिंप्याची बायको म्हणते अंडी काढून टाका, शेजारीण म्हणते पाप लागेल, मी म्हटलं दोघी मिळून ठरवा नि मला सांगा. शेजारणीच्या सुनेला नोकरी लागली, रंगाच्या कंपनीत. तिच्या भावाचं मात्र काही जमत नाही, तिथेही नाही, इथेही नाही. माझा गुडघा बरा आहे.

पाण्याच्या पत्रकांचं मला काही आठवत नाही. किती पत्रकं वाटली असतील मी. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी कोण लक्षात ठेवतं?

थंडी आहे, कान बांधत जा.

आजी


१ मार्च

प्रिय आजी,

चव्वेचाळीस वर्षं झाली असं मी लिहिलं नव्हतं. छोटी आजीही बोलली नव्हती.

मी कोशासाठी विचारत नाही. छोट्या आजीच्या छातीचं दुखणं वाढलंय. डॉक्टरांनी जिने बंद केलेत, आता ती तिसऱ्या मजल्यावरून खाली येत नाही. आधी कधी विचारायची नाही, आता दर रविवारी दार उघडता उघडता विचारते, "ताईचं पत्र आलं?" मी 'आलं' म्हटलं, कबुतराचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढंच?"

तिच्या खिडकीशी एक फोटो असतो, दोन वेण्यांच्या मुलीचा. मी आजवर समजत होते की तो तिचाच लहानपणीचा आहे. परवा म्हणाली, "ती मी नाही."

आजी, तू सगळ्यांना सगळं सांगतेस. मला सांग.

तुझी नात


१९ मार्च

माझ्या सोन्या,

तीन कागद फाडले, हा चौथा.

तो फोटो ठकीचा आहे. माझ्या धाकटीची मुलगी. खरं नाव वेगळं होतं, पण मी ठेवलेलं ठकीच सगळ्यांच्या तोंडी बसलं. पाच वर्षांची होती. तुझे बाबा तेव्हा रांगत होते, त्यांना काही आठवायचं नाही. धाकटीचं घर आमच्याच गल्लीत होतं, समोरून तिसरं.

त्या दिवशी छापखानेवाल्याने दुपारी गठ्ठा दिला. पांढरा. "तातडीचं आहे," म्हणाला. मी म्हटलं, "तुमचं कधी तातडीचं नसतं?" तोही हसला, यंत्र सुरू होतं, पुढे काही बोलला असेल तर मला ऐकू आलं नाही. पांढरं म्हणजे भाषण. मी नेहमीसारखी लांबच्या टोकापासून सुरुवात केली. सगळ्यांच्या हातात देत आले. काहीजण वाचून घाईने आत गेले, मला वाटलं मोठा पुढारी येतोय. संध्याकाळी पाय भरून आले नि फक्त आपली गल्ली राहिली. म्हटलं, आपलीच माणसं, सकाळी देऊ.

नि मी धाकटीच्या ओट्यावर जाऊन बसले, गप्पा मारायला. पिशवी मांडीवर, गठ्ठा पिशवीत. धाकटी आत कणीक मळत होती, तिथूनच हं हं करत होती. मी जावेची नक्कल करत होते. ठकीने मला न मागता पाणी आणून दिलं, दोन्ही हातांनी पेला धरून, सांडू नये म्हणून जीभ बाहेर काढून. मी अर्धं प्यायले. उरलेलं ती प्यायली, माझ्याच पेल्यातून, माझीच नक्कल करत.

सकाळी पहिलं पत्रक धाकटीलाच दिलं. ती चौथीपर्यंत शिकलेली. तिने मोठ्याने वाचलं. टाकीत घाण पाणी शिरलंय, नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. ती म्हणाली, "अगं ताई, हे कधीचं?" नि मी म्हणाले, "आत्ताच दिलं त्याने. सकाळी."

कसं तोंडातून आलं ते मला माहीत नाही. मी विचार करून बोलले नाही. मी कधी विचार करून बोलते? ठकी तेव्हा अंगणात खेळत होती, अगदी बरी. मला वाटलं काही होणार नाही, मग कशाला. तिसऱ्या दिवशी जुलाब-उलट्या सुरू झाल्या, पाचव्या दिवशी गेली. माझं पोट दोन दिवस बिघडलं नि बरं झालं. मी म्हातारी झाले, बघ.

त्या महिन्यात मी पत्रकांचं काम सोडलं नि शेजारच्या मास्तरणीकडे पाटी घेऊन बसले. लोक म्हणाले, हौस बघा हिची. तूही कौतुक करतेस. मला ते ऐकवत नाही.

गावाने मला गावभर म्हटलं. माझ्या पोटात काही राहत नाही म्हणतात. हे राहिलं. धाकटीला ठाऊक नाही. ती गाव सोडून गेली, लग्नाकार्यात भेटली तर दोन शब्द बोलते, मला वाटतं दुःखाने सुकली. आता तिच्या छातीचं ऐकून मला वाटतं की सांगावं, नि वाटतं की आजारी माणसाला हे सांगून मी काय मिळवणार, माझाच भार उतरणार. तू शिकलेली आहेस, तूच सांग.

हे वाचून फाडून टाक. तिला दाखवू नकोस.

आजी


२८ मार्च

आजी,

मी फाडलं नाही.

रविवारी तिने दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे पाहूनच हात पुढे केला. मी नाही म्हणू शकले असते. नाही म्हटलं नाही. माझ्यावर रागव. पण आधी सोबतची चिठ्ठी वाच. तिने ती तीन दिवस घेऊन लिहिली आहे.

तुझी नात


ताई,

तुझं पत्र वाचलं. मला माहीत होतं.

ठकी गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात छापखानेवाली भेटायला आली होती. रडता रडता बोलून गेली की आदल्या दुपारीच पत्रकं दिली होती ग, तरी असं कसं झालं. मला तुझी मांडीवरची पिशवी आठवली.

मी वाट पाहिली. वाटलं आज सांगेल, उद्या सांगेल. मग गाव सोडला. मग तू लिहायला शिकलीस, पत्रं यायला लागली. वाटायचं, या पत्रात असेल. तू सगळ्यांची लग्नं लिहिलीस, दुखणी लिहिलीस, कुणाची म्हैस व्याली तेसुद्धा लिहिलंस. मी प्रत्येक पत्र शेवटपर्यंत वाचायची नि ठेवून द्यायची. उत्तर काय देणार?

पत्रकं राहिली याचा राग माझा केव्हाच संपला. पांढरा कागद तुला कसा कळणार होता. 'सकाळी दिलं' म्हणालीस, तो राग आहे. अजून आहे. खोटं लिहीत नाही.

पेल्याचं मात्र मला ठाऊक नव्हतं.

मला जिने उतरता येत नाहीत. तुला चढता आले तर ये.

धाकटी


२३ एप्रिल

सोन्या,

तुला कचेरीच्या कामासाठी परगावी जावं लागलं ते एका अर्थी बरंच झालं, दोघींमध्ये तिसरं माणूस नको होतं. तुझ्यावर रागावले नाही. चार दिवस रागावले होते, मग झालं.

हे पत्र धाकटीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहितेय. तिसरा मजला म्हणजे छप्पन्न पायऱ्या. प्रत्येक वळणावर थांबले. म्हटलं, इथून परत गेले तर कुणाला कळणार? दार उघडंच होतं. ती खुर्चीत बसली होती. किती लहान झालीय ग ती.

मी म्हटलं, "कशी आहेस?"

ती म्हणाली, "आधी ते सांग."

"वाचलंस ना तू."

"तोंडाने सांग."

मग मी उभ्यानेच सांगितलं. तुला माहीत आहे, मला गोष्ट सांगताना हात लागतात, मध्ये शंभर फाटे फुटतात. त्या दिवशी एकही फुटला नाही. ती मध्ये मध्ये विचारत होती.

"पिशवीत होती?"

"होती."

"मांडीवर?"

"मांडीवर."

"आणि पाणी?"

"माझ्यासाठी आणलं होतं. मी अर्धं प्यायले."

ती खिडकीकडे बघत राहिली. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. मग म्हणाली, "जेवताना मीही दिलं होतं. एक पेला नाही, दोन. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, पाणी प्यायल्याशिवाय उठायचं नाही."

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही, नि आता तर तोही गेला.

मी तिचे पाय धरायला वाकले, तर म्हणाली, "गुडघ्याचं बघ, उठवायला इथे कुणी नाही." तशीच बोलते ती, पूर्वीसारखी. मग मी खाली बसले ती बसलेच, नि खरंच उठता येईना. शेवटी तिने खुर्ची पुढे सरकवली, मी तिला धरून उठले. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

मी निघायला लागले, तर म्हणाली, "कुठे चाललीस? तिला पाहिलेलं आता तुझ्याशिवाय कोण उरलंय?" म्हणाली, "माझ्याशी तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. मला वाईट वाटेल म्हणून. तू सगळ्या जगाचं सांगतेस, तिचं सांग."

म्हणून राहिलेय. सकाळी चहा झाला की खिडकीशी बसतो. जन्मली तेव्हापासून सुरुवात केली, काही सोडायचं नाही असं ठरलंय. मी म्हटलं, "पहिल्यांदा पालथी पडली तेव्हा निळं झबलं होतं." ती म्हणते, "पिवळं." मग त्यावर अर्धा तास. दात कधी आला, पहिला शब्द कुठला, कुत्र्याला 'दादा' म्हणायची ते. एखादी गोष्ट मला आठवते नि तिला नाही, मग ती मला दोनदा सांगायला लावते. हसतेसुद्धा. मग फोटोकडे बघते, मग मी हळूच पुढचं सांगते.

ठकीची पहिली दोन वर्षं चार दिवसांत सांगून झाली. आता तिला तीन वर्षं पूर्ण होऊन वर दोन महिने झालेत. परवापासून आम्ही दोघीही जरा सावकाश चाललोय. काल अख्ख्या सकाळी फक्त एका दुपारचं बोलणं झालं, ठकी माझ्याबरोबर बाजारात आली होती ती दुपार. आज धाकटी म्हणाली, "तीच पुन्हा सांग."

बाबांना कळव की आजीला यायला वेळ लागेल.

आजी